पोहायला पैसे, धावायलाही पैसे?



या आठवड्याच्या टपालात एक जाडजूड पाकीट आलं. आत वहीतून फाडलेले चार कागद, निळ्या शाईतलं तिरकं अक्षर. पत्र होतं भिवंडीहून, नववीतल्या एका मुलाचं. 'माझं नाव छापू नका, दादा रागावेल,' असं त्यानं दोनदा अधोरेखित करून लिहिलंय. म्हणून नाव छापत नाही. पण पत्रातला मुख्य भाग तुम्हा सगळ्यांना वाचून दाखवावासा वाटतो. ऐका :

"काका, माझा दादा एकवीस वर्षांचा आहे. माणकोलीकडे एका गोडाऊनमध्ये कामाला आहे. घरापासून गोडाऊन सात-आठ किलोमीटर, रोज सायकलनं जातो-येतो. आमचे आजोबा खाडीतले पट्टीचे पोहणारे. त्यांनी दादाला लहानपणीच पोहायला शिकवलं. रविवारी पहाटे तो धावायलाही जातो. त्याला कामावरच्या कुणीतरी सांगितलं, की या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ करायची शर्यत असते, तिला ट्रायथलॉन म्हणतात आणि गोव्याला मोठी होते. दादा आठवडाभर नुसता त्याच गोष्टी बोलत होता. मग त्यानं फीची चौकशी केली. जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढी! घरी आला आणि गप्प बसून राहिला. आई म्हणाली, 'अरे, समुद्र काय त्यांनी विकत घेतलाय? पोहायला पैसे, धावायलाही पैसे?' सगळे हसले. दादा नाही हसला. काका, खरंच एवढे पैसे कशाला घेतात? हा खेळ फक्त श्रीमंतांचाच आहे का?"

वाचलंत? आता सांगा, त्या आईचा प्रश्न चुकीचा आहे का? मुळीच नाही! पाणी निसर्गाचं, रस्ता सरकारचा, पाय आपले. मग पैसे कसले? मी दोन दिवस या प्रश्नावर विचार केला. पत्रात खरं तर दोन प्रश्न आहेत. एक, पैसे कशाला लागतात? आणि दुसरा, हा खेळ श्रीमंतांचाच का? दोन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक घेऊ.

आधी खेळाची ओळख

ट्रायथलॉन म्हणजे तीन खेळांची एक शर्यत. आधी पोहायचं, पाण्यातून बाहेर आलं की ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, आणि सायकल ठेवली की धावत सुटायचं. मधे विश्रांती नाही. तुम्ही बुटांच्या नाड्या बांधत असता तेव्हाही घड्याळ चालूच असतं, बरं का!

पोहणं पहिलं का? कारण सोपं आहे. दमलेला माणूस धावता धावता थांबला तर फार तर रस्त्याच्या कडेला बसेल. दमलेला माणूस पाण्यात थांबला तर बुडेल. म्हणून अंगात ताकद असतानाच पाण्याचा टप्पा उरकून घ्यायचा.

या शर्यतीचे लहानमोठे प्रकार आहेत. छोटी, म्हणजे स्प्रिंट, शर्यत ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं अशी असते. ऑलिंपिकमध्ये याच्या दुप्पट असते : दीड किलोमीटर, ४० किलोमीटर आणि १० किलोमीटर. सिडनीला २००० साली हा खेळ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. दादा जिच्याविषयी बोलतो ती गोव्याची शर्यत २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पहिल्यांदा झाली. ती 'अर्धी आयर्नमॅन'. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल मारायची, आणि मग २१.१ किलोमीटर धावायचं. ९० किलोमीटर म्हणजे किती, माहितेय? भिवंडीहून नाशिकच्या रस्त्याला लागलात तर साधारण इगतपुरीच्या आसपास पोचाल! आणि पूर्ण आयर्नमॅन म्हणजे याच्याही दुप्पट : ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटर धावणं. नुसतं वाचूनच दम लागला ना?

हा खेळ जन्मला तेव्हा

आता एक गंमत सांगतो. हा खेळ जन्मला तेव्हा अगदी गरीब होता!

अमेरिकेत सॅन दिएगो नावाचं शहर आहे. तिथल्या धावणाऱ्यांच्या एका क्लबानं २५ सप्टेंबर १९७४ च्या संध्याकाळी मिशन बे या खाडीकाठी पहिली ट्रायथलॉन भरवली. जॅक जॉनस्टन आणि डॉन शॅनहन या दोघांची ती कल्पना. धावणारे आले ४६. सूचना अशी, की प्रत्येकानं आपापली सायकल घेऊन यावी. बक्षिसांवर नाव कोरणाऱ्या दुकानदारानं फोन करून विचारलं, "हा ट्रायथलॉन शब्द लिहायचा कसा? शब्दकोशात तर सापडत नाही!" शर्यत लांबली, अंधार पडला, आणि शेवटचे लोक अजून पाण्यातच! मग लोकांनी आपल्या मोटारी काठाशी आणल्या आणि दिवे पाण्यावर सोडले, म्हणजे पोहणाऱ्यांना किनारा दिसावा.

या शर्यतीत जॉन कॉलिन्स नावाचे एक नौदल अधिकारी आणि त्यांची पत्नी जूडी हेही धावले होते. पुढे ते हवाई बेटांवर राहायला गेले. तिथं वाद पेटला, की सगळ्यांत दमदार कोण? पोहणारा, सायकलवाला की धावणारा? वाद मिटवायला कॉलिन्स यांनी तिन्हींची लांबच लांब शर्यत काढली. १८ फेब्रुवारी १९७८. शर्यतीला उभे राहिले १५ जण, पुरी केली १२ जणांनी. गॉर्डन हॅलर पहिला आला, ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत. शर्यत पुरी करणाऱ्यांना बक्षीस काय मिळालं? कॉलिन्स यांनी घरी स्वतःच्या हातानं बनवलेला छोटासा लोखंडी माणूस. धातूच्या नळीचं अंग आणि वर डोकं म्हणून एक नट! आयर्नमॅन म्हणतात तो हाच.

पण याच शर्यतीत काय झालं पाहा. पाणी, खाणं, मदत, सगळं ज्याचं त्यानं आणायचं होतं. जॉन डनबार नावाचा खेळाडू सायकल संपली तेव्हा सर्वांच्या पुढे होता. धावताना त्याच्या सोबत्यांजवळचं पाणी संपलं. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी त्याला चक्क बिअर दिली! उन्हात, दमलेल्या शरीराला बिअर. तो झोकांड्या खाऊ लागला आणि हॅलरनं त्याला मागे टाकलं. आज ही गोष्ट हसून सांगतात. पण उन्हात तो कोसळला असता तर? त्याच्याजवळ ना डॉक्टर होता, ना रुग्णवाहिका.

आता लक्षात येतंय का, पैसे कुठे लागतात ते?

पैसे जातात कुठे?

आईंचा पहिला प्रश्न घेऊ. समुद्र फुकट आहे, कबूल. पण समुद्रात एकाच वेळी शेकडो माणसं उतरली, की त्यांच्यावर डोळा ठेवायला होड्या लागतात, जीवरक्षक लागतात, कुठून कुठं पोहायचं ते दाखवायला मोठाले तरंगते गोळे लागतात. एखाद्याच्या पायात गोळा आला आणि त्यानं हात वर केला, तर मिनिटाच्या आत कुणीतरी पोचायला हवं.

रस्ता सरकारचा, हेही कबूल. पण भिवंडीकरांनो, तुम्हीच सांगा, अंजूरफाटा ते माणकोली रस्ता सकाळी पाच तास बंद ठेवायचा म्हटलं तर काय होईल? कंटेनरांची रांग कुठवर जाईल? त्यासाठी परवानग्या, पोलीस बंदोबस्त, अडथळे, चौकाचौकात झेंडी घेऊन उभी राहणारी माणसं, हे सगळं लागतं. त्याशिवाय रुग्णवाहिका, डॉक्टर, विमा. दर दोन-तीन किलोमीटरवर पाणी, केळी, मीठ-साखरेचं सरबत. शेकडो महागड्या सायकली ठेवायला राखणीची जागा. प्रत्येकाच्या घोट्याला बांधायची चिप, म्हणजे कोण कुठं किती वाजता पोचला हे यंत्राला कळतं.

यात आणखी एक गोम आहे. गणिताची आहे, पण सोपी आहे. यंत्रमागाच्या कारखान्याचं भाडं असतं ना? माग चालू असो वा बंद, ताके दहा निघोत की शंभर, भाडं तेवढंच. शर्यतीचंही तसंच. समजा, होड्या, रस्ता, डॉक्टर, बंदोबस्त मिळून दहा लाख रुपये खर्च आला. धावणारे दहा हजार असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला येतात शंभर रुपये. धावणारे पाचशेच असतील तर? दोन हजार! मुंबई मॅरेथॉनला पन्नास हजारांहून जास्त माणसं धावतात. ट्रायथलॉनला येतात काहीशे, फार तर हजार-दीड हजार. माणसं कमी, खर्च तिप्पट, कारण खेळही तीन! म्हणून फी चढते.

हा झाला गरजेचा खर्च. पण थांबा, यादी संपली नाही. रंगीत शर्ट, जड पदक, पिशवी, मोठं व्यासपीठ, वाद्यवृंद, छायाचित्रं, जाहिराती. शिवाय 'आयर्नमॅन' हे नाव एका परदेशी कंपनीनं नोंदवलेलं आहे. त्या नावानं शर्यत भरवायची तर त्या कंपनीच्या परवानगीनं आणि तिच्या नियमांनीच भरवावी लागते. नळीला नट बसवून केलेल्या त्या माणसाचं केवढं मोठं दुकान झालं पाहा!

तर आईंना माझं उत्तर असं, की फीचे दोन भाग करा. एक भाग जिवाच्या काळजीचा. तो द्यायलाच हवा, कुणीतरी द्यायलाच हवा. आणि दुसरा भाग शोभेचा. तो नसला तरी शर्यत तीच राहते. तुम्ही तेवढेच पोहता, तेवढीच सायकल मारता, तेवढेच धावता. शर्टामुळे एक पाऊलही वाढत नाही.

फी म्हणजे फक्त दाराचं तिकीट

आता दुसरा प्रश्न. खेळ श्रीमंतांचाच का?

मुलांनो, इथं मला तुम्हाला गोड गोड बोलून फसवायचं नाही. गोव्यासारखी मोठी शर्यत ही आज खरोखरच खिशाचा विचार करायला लावणारी गोष्ट आहे. फी पाच आकडी, आणि ती भरली म्हणजे झालं असंही नाही. सायकल आदल्या दिवशी जमा करावी लागते, म्हणजे दोन रात्री तरी राहायचं. जाण्यायेण्याचं भाडं, सायकल खोक्यात बांधून न्यायची हमाली. गोडाऊनमधल्या दादाचे तीन-चार दिवस खाडे, म्हणजे तेवढी मजुरी बुडाली. शर्यतीची हलकी सायकल घ्यायची तर हजारोंपासून सुरुवात, आणि पुढं लाखांपर्यंत मजल. आणि आजारी पडलात, जाता आलं नाही, तर भरलेली फी बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. एक दिलासा आहे. गोव्याचं पाणी कोमट असल्यामुळे परदेशात थंड पाण्यासाठी लागतो तो महागडा रबरी पोशाख इथं लागत नाही. पण तेवढ्यानं हिशेब जुळत नाही, हे मला कळतं.

मग गरीब घरातला खेळाडू पुढे गेलाच नाही का? गेला की! पण नीट पाहिलंत तर त्याच्यामागे कुणीतरी उभं होतं.

खाशाबा जाधवांचं नाव तुम्ही शाळेत ऐकलंच असेल. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान. २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक पदक. पण हेलसिंकीला जायला पैसेच नव्हते! गावोगाव वर्गणी निघाली. तरी पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी! कुस्तीला लागतं काय? लंगोट आणि माती. खेळ स्वस्तच होता. महाग होता तो आखाड्यापर्यंतचा प्रवास.

ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, सांगायलाच हवी. पण तिचा दुसरा अर्थही समजून घ्या. घर गहाण ठेवायची वेळ त्या सरांवर यायला नको होती. आणि प्रत्येकाच्या नशिबात खर्डेकर सर असतातच असं नाही. ज्यांना असे सर भेटले नाहीत, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, एवढंच.

गोव्याची २०१९ ची पहिलीच शर्यत कुणी जिंकली, माहितेय? मणिपूरच्या बिश्वोर्जित सैखोम यानं. तो सेनादलाकडून खेळणारा. सेनादलात तलाव मिळतो, सायकल मिळते, शिकवणारा मिळतो, सकस जेवण मिळतं. म्हणजे पुन्हा तेच. पैसे लागलेच, पण ते एकट्याच्या घरातून गेले नाहीत.

दादासाठी चार वाटा

आता मित्रा, तुझ्या दादाकडे वळू. त्याला हे वाचून दाखव. रागावला तर माझं नाव सांग!

पहिली वाट, लहान शर्यत. मोठ्या नावाच्या शर्यतीपेक्षा आपल्याच राज्यातल्या छोट्या शर्यतींची फी बरीच कमी असते. स्प्रिंटची लांबी पहिल्या वेळेला भरपूर झाली. शिवाय बहुतेक ठिकाणी आधी नाव नोंदवणाऱ्याला फी कमी पडते, शेवटच्या आठवड्यात जास्त. तेव्हा घाई नको, पण उशीरही नको.

दुसरी वाट, तिघांत मिळून. बऱ्याच शर्यतींत तिघांचा संघ चालतो. एकानं पोहायचं, दुसऱ्यानं सायकल मारायची, तिसऱ्यानं धावायचं. फी तिघांत वाटली जाते. आजोबांनी शिकवलेलं पोहणं दादाकडे आहेच. सायकलवाले मित्र गोडाऊनमध्ये काय कमी असतील?

तिसरी वाट, निवडीची. या शर्यतीत पैसा नाही, वेळ मोजली जाते. राज्याच्या संघात निवड झालेले खेळाडू राष्ट्रीय स्पर्धेला जातात. २०२५ च्या जानेवारीत उत्तराखंडातल्या हल्द्वानीला राष्ट्रीय क्रीडास्पर्धेची ट्रायथलॉन झाली. मुलींमध्ये पहिली कोण आली? महाराष्ट्राची डॉली पाटील! आणि दुसरी मानसी मोहिते, तीही आपलीच. तेव्हा हा खेळ आपल्याकडे परका राहिलेला नाही. ही वाट सोपी मात्र नाही, वर्षानुवर्षं घाम गाळावा लागतो.

चौथी वाट, विचारायची. हो, नुसतं विचारायचं! आयोजकांना साधं सरळ पत्र लिहायचं, की मी अमुक काम करतो, माझा सराव असा आहे, सवलतीची एखादी जागा आहे का? ज्या मालकाकडे काम करतो त्यालाही विचारायचं. भिवंडीच्या गोडाऊनांमध्ये देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांचा माल असतो. आपल्याकडचा एक कामगार ट्रायथलॉनला उतरतोय, याचा कुणालाच अभिमान वाटणार नाही असं का मानायचं? 'नाही' म्हणाले तर म्हणाले. विचारण्यात कमीपणा नाही. आणि जे कुणी अशा शर्यती भरवतात, त्यांनाही या पानावरून एक विनंती : शंभरातल्या पाच जागा तरी अशा मुलांसाठी कमी पैशांत ठेवा. नाहीतर पाण्यात आणि रस्त्यावर सगळ्यांत चांगला कोण हे तुम्हाला कधी कळणारच नाही. कळेल ते फक्त, फी भरणाऱ्यांत सगळ्यांत चांगला कोण.

एक गोष्ट मात्र करायची नाही. कर्ज काढून फी भरायची नाही, आणि आईचे दागिने तर मुळीच नाही. शर्यत पुढच्या वर्षीही येते.

आणि तुमचं काय?

मोठ्या आयर्नमॅन शर्यतींना अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे तुम्हा शाळकरी मंडळींना अजून वेळ आहे. पण हात बांधून बसायचं काही कारण नाही. १९७४ साली ४६ जणांनी जे केलं, ते तुमच्या शाळेला का जमू नये?

मात्र नीट ऐका. आपली स्वस्त शर्यत काढताना कात्री लावायची ती शोभेला, काळजीला नाही. पावसाळ्यात नदीत, तलावात, दगडखाणीच्या पाण्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. त्या मुलांना पोहता येत नव्हतं असंही नाही. म्हणून कामवारी नदीत, खाडीत किंवा खाणीत 'आपली ट्रायथलॉन' करायची नाही म्हणजे नाही! पोहायचं ते तरणतलावातच, जीवरक्षक आणि शिक्षक काठावर असतानाच.

तलाव जवळ नसेल तर? तर पाणीच गाळून टाका. धावणं, सायकल, पुन्हा धावणं, अशीही शर्यत असते. तिला डुएथलॉन म्हणतात. पाणी गेलं की होड्याही गेल्या आणि निम्मी धास्तीही. रस्ताही नको, कारण भिवंडीच्या रस्त्यावर ट्रक आणि खड्डे या दोघांशी शर्यत लावण्यात शहाणपण नाही. शाळेचं मैदान बस झालं. सायकली कमी असतील तर चार-चार जणांच्या तुकड्या सोडा, एकच सायकल चौथ्या तुकडीपर्यंत पुरेल. आजी-आजोबांच्या हातात घड्याळ द्या, शिक्षकांकडे शिट्टी आणि मलमपट्टीची पेटी. घरून लिंबू-साखर-मिठाचं सरबत. बक्षीस? एखादा जुना नट, दोरा ओवून गळ्यात घालायचा! कॉलिन्ससाहेबांची आठवण म्हणून. खर्च किती आला, तो फळ्यावर लिहा आणि मला कळवा.

पालकांसाठी दोन ओळी

मुलगा किंवा मुलगी एखाद्या शर्यतीचं नाव घेऊन आली आणि फी परवडणारी नसली, तर 'हे आपल्यासारख्यांचं काम नाही' असं चटकन म्हणू नका. 'या वर्षी पैसे नाहीत' एवढं खरं सांगा. पैसे नाहीत हे मुलांना कळतं. आपण त्या लायकीचे नाही, हे मात्र एकदा मनात बसलं की काढता येत नाही. आणि फी परवडणारी असली, तर भरण्याआधी चार प्रश्न विचारा. पाण्यात जीवरक्षक किती? रस्ता खरंच बंद आहे का? डॉक्टर कुठं उभे राहतील? विमा आहे का? शर्टाचा रंग शेवटी विचारा.

मित्रा, तुझ्या पत्राचं उत्तर लांबलं. पण दादा हसला नाही, हे वाक्य मनातून जाईना. त्याला एवढंच सांग. रोज सायकलवर तो जे पंधरा किलोमीटर कापतो, आठवड्यातले सहा दिवस, त्याचे होतात नव्वद. म्हणजे गोव्याच्या शर्यतीतलं सायकलचं अंतर तो दर आठवड्याला पुरं करतोय, तेही डोक्यावर ऊन आणि बाजूला कंटेनर घेऊन! सराव सुरू झालेलाच आहे. फी मागाहून बघू. आणि आजोबांना माझा नमस्कार सांग.

जाता जाता एक गणित. शाळेच्या मैदानाची एक फेरी २५० मीटरची आहे. डुएथलॉनमध्ये आधी १ किलोमीटर धावायचं, मग ४ किलोमीटर सायकल, मग पुन्हा ५०० मीटर धावायचं. तर एकूण फेऱ्या किती? उत्तर पुढच्या आठवड्यात. तोवर मोजत बसू नका, पळून बघा!

तुमचा,
मैदानकाका